सहा पडेपर्यंत मेलेला माणूस

हासू नका. पयलेच सांगून ठेवतो, हासू नका… उशीर झाला, मान्य हाय, भोंगा वाजून गेला, चहा बी थंडा झाला, अन् तुमी सारे फाटकाजवळ उभे राहून पाहून राह्यले होते का हा गोपीचंद फटफटीवर बसून येऊन राह्यला, अन् याच्या पुढं धानाची बंडी, अन् बंडीचे बैल मान वळवून याच्याकडे पाहून राह्यले का बाप्पा हा मागंच काहून… पाह्यलं नं? पाहा! फटफटी माही बराबर हाय, प्लग साफ हाय, पेट्रोल हाय, मीच हळू चालवतो. काहून? हां, आता इचारलं नं काहून, तं आयका. पण हासाची गोष्ट नाही ते. मरणाची गोष्ट हाय. माह्या मरणाची! अन् तुमाले सांगतो, मले खेळाचंच नवतं.

आता तुमाले मालूमच हाय, आमचं गाव अड्याळच्या अलीकडं, मोटारीत डोळा लागला तं दिसत बी नाही एवढं. तथून वरठीले कारखान्यात रोज येनं-जानं. अन् पयले मी ही फटफटी कशी पळवो? गायी रस्त्यात बसल्या राहत, माहा आवाज आयकला का उठून शेतात जात, हारन वाजवाचं कामच नाही! आमच्या घरची लगन झाल्यापासून एकच म्हणे, “हळू चालवत जा जी.” सकाळी डबा देताना हळू चालवत जा जी, संध्याकाळी पाण्याचा गडवा देताना हळू चालवली का जी… अन् मी म्हणो, हो. माणूस बायकोले हो म्हणते अन् गिअर टाकते, दुसरं काय करते? सांगा नं!

तं झालं असं का दिवाळी होऊन गेल्ती अन् आमच्या गावची मंडई होती. मंडई म्हंजी गावभर पाव्हणे, दुकानं, दंडारीचा नाच, अन् राती नाटक. सुट्टी काढली होती. सकाळी बोडीच्या पाण्यात आंघोळ केली, आंग पुसून राह्यलो, अन् माह्या डोक्शावर कावळा बसला. शिवला नाही हो! शिवणाऱ्या कावळ्याले घाई असते, तो शिवते अन् जाते. हा बसला. पाय नीट केले, इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, सरपंच खुर्चीवर बसते तसा बसला, अन् मंग फुरसतीनं उडाला. मी मांगं वळून पाहतो तं माय उभी. कमरेवर पाण्याचा गुंड, अन् तोंड उघडं. मी म्हणलं, “काई नाही वं माय, कावळाच तं होता.” माय बोललीच नाही. आता आमची माय बोलत नाही म्हंजी काय, ते तुमाले नाही समजाचं, ते झोपीत बी बोलते.

घरी आलो तवा बोलली. हळूच. “बाबू,” म्हणे, “कावळा डोक्शावर बसला म्हंजी बलावणं आलं.” मी म्हणलं, कोणाचं बलावणं? तिनं वर पाह्यलं. मी बी वर पाह्यलं. छपराचे कवेलूच होते… मी लोखंडाच्या कारखान्यातला माणूस, डोक्शावरून क्रेन जाते तरी वर पाहत नाही, असल्या गोष्टी मानत नाही. पण मायनं वर पाह्यलं नं, का मले वाटलं, क्रेन बरी.

मंग मायनं उपाय सांगतला. तुमच्याकडं बी असन. खोटी बातमी पाठवा लागते मामाच्या घरी, का भाचा मेला. मामा आयकते, मामाच्या डोळ्यातून पाणी पडते, कावळ्याले वाटते काम झालं, अन् बलावणं वापस जाते. “पण खरं पाणी पायजे, बाबू,” म्हणे, “नाटकी पाणी चालत नाही. अन् दिवस बुडाच्या आत पडलं पायजे. अन् तोवर तू जिता दिसला नाही पायजे कोणाले.” मी म्हणलं, मामाच कायले, घरची घरी तूच रड नं! तं म्हणे, “मले मालूम हाय नं तू जिता हाय. मालूम असलेल्याचं चालत नाही.” किती कायदे पाहा! आपल्या कारखान्यात बी नसतीन एवढे.

आमचा मामा, यादोराव, राहते अड्याळले. मायनं शेजारच्या परसरामले बलावलं, तो मंडईतल्या दुकानासाठी बत्ताशे आणाले सायकलीनं तथीच जाऊन राह्यला होता. माय म्हणे, “फक्त मामालेच सांगजो हो, दुसऱ्या कोणाले नाही.” कारण आमच्या घरची बी अड्याळचीच, भाऊबीजेले माहेरी गेल्ती, संध्याकाळी भावासंग मंडईले येणार होती, तिले काहून भेव द्याचं? परसराम म्हणे, “मावशी, माहं तोंड म्हंजी कुलूप!” अन् कुलूप सायकलीवर बसून गेलं.

अन् मी गेलो लपाले, मागल्या गल्लीत श्यामरावच्या घराच्या सपरीत. श्यामराव म्हंजी माहा दोस्त, हे एवढं शरीर, धानाचं पोतं एका हातानं उचलते, पण मन कसं? लोण्याचं! सिनेमा पाहाले गेला का रडते. सिनेमा सुरू व्हाच्या आधी ते सरकारी चित्र दाखवत नाही का, धरण बांधून झालं, पाणी सुटलं… हा त्याले बी रडे! मी म्हणलं चला, एखादं पाणी कमी पडलं तं हा हायच घरात. पण त्याले मालूम होतं नं मी जिता हाय. म्हंजी हा बी बाद.

अन् तथीसा येऊन टपकला टेकचंद. हातात पुठ्ठा. अन् मले खेळाचंच नवतं!

टेकचंद कोण, सांगतो. टुरिंग टॉकीजच्या फाटकावर तिकिटं फाडे, गावोगाव तंबूसंग फिरे. सारे सिनेमे पाह्यले त्यानं, पण कसे? पयला अर्धा फाटकावर जाये, लोकं येतच राहत, याले आत येता येये इंटरव्हलनंतर. म्हंजी त्यानं कधी कोणाचं लगन ठरताना पाह्यलं नाही, बागेतलं गाणं पाह्यलं नाही. डायरेक्ट खून, कोर्ट, अन् दवाखाना! हा तंबू सोडून गावात आला, अन् त्यानं एक खेळ तयार केला, सापशिडीसारखा, पण सिनेमाचा. त्यात जेवढं मालूम तेवढंच टाकलं नं! पयलं घर ‘जन्म’, अन् दुसऱ्याच घरात ‘बाप मेला’. मंग ‘जत्रेत भाऊ हरवला’, मंग ‘काकानं वाडी बळकावली’, मंग ‘माय आंधळी झाली’, ‘हातकडी’, ‘दारूचा अड्डा’… मी म्हणलं, बे टेकचंद, यात लगन कोठी हाय? तं म्हणे, “असन बे, पयल्या अर्ध्यात असन.”

अन् तो पुठ्ठा! सिनेमाचं पोस्टर होतं पुठ्ठ्यावर चिकटवलेलं, त्याच्या मांगच्या अंगानं त्यानं घरं काढली होती. म्हंजी आमी वरतून खेळाचं, अन् खालतून व्हिलन. लाल डोळे, गालावर वण, जमिनीकडं तोंड करून पडला राहे. गोट्या म्हून सोड्याच्या बाटलीचे बूच, अन् फासा सागाच्या लाकडाचा, टेकचंदनं स्वतः विळ्यानं कोरलेला, त्यावर ठिपके बी स्वतःच ठेवलेले.

“गोपी, डाव मांडू,” म्हणे. मी म्हणलं, आज नाही गा, आज माह्या डोक्शावर कावळा बसला. तं काय म्हणाव त्यानं? “मंग तं बरंच हाय! तुले बाहेर निंगता येत नाही, दिवस बुडेपर्यंत करतो काय?” अन् तो लोण्याचा गोळा म्हणे, “खेळ नं गा, दोघाइत मजा नाही येत…” डोळ्यात पाणी! कशाच्या बी गोष्टीवर! अन् जो जिंकन त्यानं राती नाटकात सगळ्यात पुढच्या बोऱ्यावर बसाचं असं ठरलं. मले खेळाचंच नवतं, तुमाले सांगतो, पण बसलो.

खेळाचा नियम कसा? ज्या घरात पडान तो सीन करून दाखवाचा. पुरा. दुसऱ्याइले पटलं तं ठीक, नाही पटलं तं मांगं, ‘जन्मा’च्या घरात. अन् पटलं का नाही कोण ठरवन? टेकचंद! फाटकावरचा माणूस, कोणाले आत सोडाचं ते तोच ठरवन.

श्यामराव पयल्याच झटक्यात आंधळ्या मायच्या घरात. डोळे मिटले, हात पुढं केले, टेकचंदचं तोंड चाचपून राह्यला, “कोण हाय? माहा राजू हाय का? हे नाक तं माह्या राजूचंच…” अन् जो रडाले लागला बाप्पा! खरं रडनं! टेकचंद म्हणे, बस, पटलं, पुढं जा. हा कायले ऐकते? त्यानं टेकचंदले पोटाशी धरलं, गुडघा लागला पुठ्ठ्याले, पुठ्ठा पालथा झाला, अन् तो व्हिलन आला वर. माह्याचकडं पाहे! मी इकडं सरकलो तरी माह्याकडं, तिकडं सरकलो तरी माह्याकडं. अन् तवाच मी आयकलं. वर कवेलूवर, टक… टक… टक… कोणीतरी चालून राह्यलं. हलक्या पायानं. मी म्हणलं, श्यामराव, वर काय हाय? श्यामराव डोळे पुसत म्हणे, “काई नाही गा, कावळा असन.”

हासू नका, बाप्पा! तुमच्या डोक्शावर बसला असता म्हंजी समजलं असतं!

पुठ्ठा सरळ केला. आता बूच कोण्या घरात होते कोणाले आठवते? टेकचंदले! त्याले सारं आठवते! माहा बूच उचलला अन् ठेवला पार पुढं. मी म्हणलं, मी तथी नवतो. “तथीच होता.” नवतो बे! “गोपी, मी फाटकावर हजार माणसाइची जागा ध्यानात ठेवो.” अन् त्यानं ठेवला कोठी? तं ज्याच्या दोन घर पुढं काळं घर होतं, तथी. सारे घरं निळ्या शाईचे, ते एकच काजळानं भरलेलं, अन् आत पांढऱ्या खडूनं लिहिलेलं, ‘मरण’. त्या घराचा कायदा असा का तथी पडला त्यानं मराचं, अन् दुसऱ्या कोणाले सहा पडेपर्यंत मेलेलंच राहाचं. हालाचं नाही, बोलाचं नाही. सहा पडला म्हंजी डॉक्टर बाहेर येऊन म्हणते ऑपरेशन झालं, अन् मंग उठाचं.

मले फक्त दोन नवते पायजे. एक पडू दे, तीन पडू दे, पाच पडू दे, जे पडाचं ते पडू दे, दोन नको! फासा हातात घेतला, फुंकला, वरचा टक-टक थांबला… तो बी थांबला का! जसा का वाकून पाहून राह्यला… अन् मी फासा टाकला.

दोन.

मी म्हणलं, मी नाही मरत. टेकचंद म्हणे, मरा लागते. मी म्हणलं, बे, आज माह्यावर बलावणं हाय, आज मी खोटा मेलो तं खरा मरन! “मंग खेळाले कायले बसला?” पाहा आता! तुमीच साक्षी हाय, मले खेळाचंच नवतं! पण दोस्त लोकं आयकतात का? मेलो. पयल्यानं मेलो तं टेकचंद म्हणे मजा नाही आली. दुसऱ्यानं मेलो, “माय… फटफटी सांभाळजो…” म्हणून मान टाकली, तं श्यामराव म्हणे पोट हालते. मंग टेकचंदनं जिम्मा घेतला. पांढरा पलंगपोस टाकला, मंडईसाठी आणलेली झेंडूची माळ गळ्यात, उशाशी उदबत्ती, नाकात कापूस. म्हणे, “सीन जमला.” अन् श्यामरावले म्हणे, तू हिरोचा दोस्त, तू रड. अन् श्यामराव, जो धरणावर रडे, तो माह्याकडं पाहून हासाले लागला! पोट धरून! जिंदगीत एक डाव हासला तो माणूस, अन् दिवस निवडला तं माह्या मरणाचा.

अन् आता टाकतात फासा. पाच. तीन. पाच. एक. पाच. चार. पाच… मी पलंगपोसाखालतून आयकून राह्यलो, सहाचं नाव नाही. उदबत्ती संपली, दुसरी लावली. भिंतीवरचं ऊन खाली सरकून राह्यलं, अन् वर टक… टक… टक…

तेवढ्यात माय आली पळत. दारातून मले पाह्यलं अन् “आई वं!” म्हणून तिथंच बसली. मी एक डोळा उघडला. तवा तिच्या जिवात जीव आला, पण तुमाले वाटन का ते म्हणन ऊठ बाबू, हे काय अभद्र? नाही! म्हणे, “बरं केलं. असाच राह्य. मामा येऊन राह्यला. अड्याळले बातमी आयकून रडला नाही म्हणते परसराम, बसूनच राह्यला. आता डोळ्यानं पाहीन तं रडन.” म्हंजी आता मी दोन कायद्यानं मेलेला. टेकचंदच्या बी अन् मायच्या बी!

मामाचे पाय आले. मले पलंगपोसाच्या काठाखालतून फक्त पायच दिसत. करकर वाजणारे पंपशू. माय लगेच सुरू झाली, “अरे माह्या बाबूऽऽ, कसा गेला रे सोडूनऽऽ…” अन् मी वाट पाहून राह्यलो. एक थेंब, मामा! लहानपणी तुह्या खांद्यावर बसून मंडई पाह्यली मी, एक थेंब टाक! मामा माह्याजवळ बसला. मोठा श्वास घेतला. अन् मायले म्हणे, “बाई, सूर लय वरचा लावला तू. शेवटपर्यंत नाही टिकत.”

आता सांगतो काय झाल्तं. राती आमच्या मंडईच्या नाटकात मामाले बापाचं काम होतं. तिसऱ्या अंकात पोरगा मरते अन् बाप रडते, गाव त्याच्याचसाठी येते! तं मामानं रडनं राखून ठेवलं होतं. मी मेलो हे त्याले खरं वाटलं होतं हो, लय वाईट वाटलं होतं, आवाज कापून राह्यला होता त्याचा. पण म्हणे, “बाई, आता रडलो तं राती काय करू? गळा बसन. गावचा शब्द घेतला हाय. नाटक झालं का येतो, अन् मंग पोटभर रडतो माह्या भाच्यासाठी.” माय म्हणे, “तवा दिवस बुडला राहीन!” मामा म्हणे, “दिवसाचा काय संबंध?” माय सांगन कशी? सांगतलं तं त्याले मालूम पडते, अन् मालूम असलेल्याचं चालत नाही! अन् वरतून मामा टेकचंदले म्हणे, “मान सरळ करा रे पोराची. मेलेल्याची मान अशी नाही पडत.” अन् स्वतः माही मान सरळ केली! सख्ख्या मामानं! हात थंड होता त्याचा… पण डोळे कोरडे. ठाक कोरडे. अन् पंपशू करकर वाजवत तालमीले निंगून गेला.

तुमी हासून राह्यले. मी तवा पलंगपोसाखाली खरंच भेलो होतो. खरं सांगतो. ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आल्तं, नाकात कापूस, गळ्यात झेंडू, अन् मले वाटलं का माणूस मरते तवा असंच होत असन. सारे येतात, सारे बोलतात, आपल्याले सारं आयकू येते, अन् कोणाचंच पाणी पडत नाही. टेकचंद तिकडं फासा टाकूनच राह्यला. पाच. दोन. पाच.

अन् मंग आणखी पाय आले. आवाज नाही. उघडे पाय. धुळीनं पांढरे झालेले, अंगठ्याले ठेच लागून रक्त आलेलं. मी म्हणलं, हे कोणाचे पाय? मले ओळखूच नाही आले! कारण मी ते पाय बिना चपलेचे रस्त्यावर कधी पाह्यलेच नवते. भंडाऱ्याहून चप्पल आणून देल्ती मी, लगनानंतर, ते घालून घरात बी फिरे ते. आमच्या घरची होती हो! त्या कुलपानं बाजारातच बातमी सोडली होती, अन् अड्याळपासून बांधाबांधानं, धानाच्या कापलेल्या खुंटाइतून, ते एकटीच आली होती.

मी म्हणलं, चला. वाचलो! आता इचं पाणी पडन. इले मालूम नाही. हे तं रडनच!

टेकचंदनं फासा हातातच धरला, कवेलूवरचा बी थांबला. ते उभी राह्यली. पाह्यलं. एक हुंदका नाही. मी डोळ्याची फट थोडी मोठी केली. तोंड सारं धुळीनं भरलेलं, अन् दोन्ही गालावरून दोन वल्या रेघा खाली गेलेल्या, हनुवटीपर्यंत. पण डोळे? कोरडे! माह्या पायाकडं पाहून राह्यली होती. माह्या पायाचा अंगठा. मी जागा असलो का हालते तो. झोपेचं सोंग केलं तरी हालते, लगनाच्या दुसऱ्या दिवशीच तिनं पकडलं होतं. हालून राह्यला होता लेकाचा! ते खाली बसली. माह्याजवळ नाही, त्या पुठ्ठ्याजवळ. टेकचंदच्या हातातून फासा घेतला, इकडून फिरवला, तिकडून फिरवला, अन् म्हणे, “भाऊजी, याले सहा कोठी हाय?”

नवता! तुमाले सांगतो, त्या फाशाले सहा नवताच! टेकचंदनं ठिपके ठेवताना दोन बाजूनं पाच-पाच ठेवले होते. मी त्या सपरीत जलमभर मेलेला राह्यलो असतो, अन् हे दोघं बसून पाच-पाच टाकत राह्यले असते!

मी ताडकन उठून बसलो. तं टेकचंद काय म्हणाव? “सहा पडल्याशिवाय उठला! नियम तोडला! मांगं, जन्माच्या घरात!” अन् श्यामराव… आता! आता रडाले लागला! मी जिता हाय म्हून रडाले लागला! तवर दिवस बुडला होता. मायनं सगळ्याइच्या तोंडाकडं पाह्यलं. “कोणाचं पाणी पडलं?” म्हणे. मामाचं नाही, टेकचंदचं नाही, श्यामरावचं चालत नाही. मंग माय सुनेजवळ गेली, तिचं तोंड हातात धरलं, “गोदा, वाटेनं रडली का वं तू?” अन् मी कान टवकारले. कारण तिनं हो म्हणलं का मी सुटलो! बलावणं वापस! तिनं माह्याकडं पाह्यलं. मंग बाहेर पाह्यलं, समोर आमच्या मागल्या आंगणात माही फटफटी उभी होती, तिच्याकडं पाह्यलं. अन् म्हणे, “नाही जी. मी कायले रडन? घाम हाय.”

घाम! कार्तिकात! मी म्हणलं, अन् चप्पल? “तुटली.” बरं, तुटली तं तुटली. दुसऱ्या दिवशी साळा आला, चपला घेऊन. साबूत! नवीच्या नवी! मी म्हणलं, हे काय? “दुसरी असन,” म्हणे. एक जोड आणून देल्ला मी, तं दुसरी कोठून आली?

मंग मायनं निकाल देल्ला. पाणी पडलं नाही, बलावणं कायम हाय, आता बाबूनं जिवाले जपाचं. विहिरीत वाकून पाहाचं नाही, झाडावर चढाचं नाही, अन् फटफटी बैलबंडीच्या मांगं ठेवाची. अन् रोज सकाळी मी किक मारतो नं, का समोरच्या चिचेच्या झाडावर तो कावळा येऊन बसते. बसते अन् पाहते. मी गिअर टाकाले पाय उचलला का तो मान वाकडी करते, अन् मी पाय खाली ठेवतो.

कितीक डाव इचारलं मी तिले. लाडानं इचारलं, रागानं इचारलं, अवं सांगून टाक नं, माणूस जीव मुठीत धरून हिंडून राह्यला, घाम होता का पाणी होतं? एक दिवस डबा बांधता बांधता बोलली. खाली मान घालून. म्हणे, “त्या दिवशी परसराम बाजारात सांगून राह्यला होता नं, तवा मले वाटलं फटफटीवरून गेले. कावळ्याचं मले काई मालूम नवतं. मले फटफटीच दिसली.”  मी म्हणलं, म्हंजी पाणी होतं! तिनं डब्याची कडी लावली, माह्या हातात देल्ला, अन् म्हणे, “पाणी होतं म्हणलं तं तुमी उद्यापासून मंग तशीच पळवान. घाम होता.”

तं असं हाय. टेकचंदच्या हिशेबानं मी अजून जन्माच्या घरात हाय, मायच्या हिशेबानं मरणाच्या दारात हाय, अन् तुमच्या हिशेबानं रोज उशिरा हाय. हासा, हासा आता. मले सारं मालूम हाय हो, चप्पल साबूत होती हे मले मालूम हाय… पण मले मालूम हाय हे तिले मालूम नको व्हाले. म्हून मी बी सगळ्याइले सांगतो, घामच होता. अन् चाललो बंडीच्या मांगं.